सुईखालची घरघर

माळ्यावर, कपाटावर, आजोबांच्या खोलीत पडून राहिलेली रेकॉर्ड प्लेअरची पेटी गेल्या काही वर्षांत पुष्कळ घरांतून पुन्हा खाली उतरली आहे. कुणाला ती वडिलांची आठवण म्हणून हवी असते, कुणाला नातीने पुण्याहून नवी कोरी एलपी आणून दिलेली असते. पेटी पुसली जाते, वायरी जोडल्या जातात, घरातली माणसे भोवती जमतात. सुई टेकते, आणि गाण्याच्या आधी कानावर पडतो तो एक सलग 'हूंऽऽ' असा आवाज. मग जराशी घरघर, मग कटकट. दहा मिनिटांत घरचा निकाल लागतो, "जुनं झालंय हो सगळं, काही उपयोग नाही." पेटी परत माळ्यावर जाते आणि पुढच्या दिवाळीच्या साफसफाईत तबकड्या किलोच्या भावाने भंगारवाल्याकडे.

हा निकाल बहुतेक वेळा घाईचा असतो, आणि त्याविरुद्ध अपील करता येते. मी काही रेडिओ इंजिनिअर नव्हे. छत्तीस वर्षे बँकेत काढली, उरलेल्या वेळात कादंबऱ्या लिहिल्या. पण बँकेत एक गोष्ट अंगात मुरली. संध्याकाळी हिशेब जुळला नाही की हातात येणारी तफावत ही नुसती अडचण नसते, तिच्या अंगावर तिचा पत्ताही लिहिलेला असतो. तफावतीला ९ ने नि:शेष भाग गेला की समजावे, कुणीतरी ५४ च्या जागी ४५ लिहिले आहेत. तफावत सम असली तर तिची निम्मी रक्कम शोधावी, एखादी जमा नावे पडलेली असते. सगळी लेजरे पहिल्या पानापासून चाळत बसणारा कारकून रात्री दहाला घरी जातो. तफावतीकडे नीट बघणारा सातला जातो. रेकॉर्ड प्लेअरच्या आवाजांचेही अगदी असेच आहे.

याचा प्रत्यय मला आला तो सांगलीत, थोरल्या बहिणीच्या घरी. आक्काचे घर गावभागात, नदीपासून फार लांब नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेचे पाणी ५७ फुटांच्या वर गेले. तिथली धोक्याची पातळी ४५ फूट. आक्काच्या खालच्या मजल्यावर माणूसभर पाणी होते. दाजी त्याआधीच गेलेले. त्यांचा दोनेकशे तबकड्यांचा संग्रह खालच्या कपाटात होता, तो सगळा पाण्याखाली. डेक आणि अ‍ॅम्प्लिफायर तेवढे भाच्याने वेळेत वर नेले म्हणून वाचले. पाणी ओसरल्यावर त्याने तबकड्या वाळवल्या, वरच्या खोलीत डेक लावला आणि वाजवून पाहिला, तर प्रत्येक तबकडीखाली घरघर. पुढची काही वर्षे डेकवर चादर पडून राहिली. मी गेलो तेव्हा भाच्याने एका जुन्या सामानवाल्याला बोलावून ठेवले होते. "मामा, पुरानं रेकॉर्डी गेल्या. आता नुसता पसारा कशाला ठेवायचा?" आक्का काही बोलत नव्हती. तिचे ते न बोलणे मला लहानपणापासून माहीत आहे. सामानवाल्याला आम्ही चहा पाजून परत पाठवला.

उपायांकडे वळण्याआधी सुईखाली चालते काय, ते थोडक्यात सांगितले पाहिजे. एलपीवरचा चर माणसाच्या केसाहून बारीक असतो. त्याच्या भिंतींवरच्या वळणांनी सुई थरथरते आणि त्या थरथरीची कार्ट्रिजमध्ये वीज होते. ही वीज किती? चांगल्या चुंबकी कार्ट्रिजमध्ये चार-पाच मिलिव्होल्ट. बॅटरीतला साधा सेल दीड व्होल्टचा, म्हणजे त्याच्या तीनशेव्या हिश्शाएवढी. शिवाय तबकडी कोरताना खर्जाचे स्वर मुद्दाम दाबून कोरतात, नाहीतर त्यांचे हेलकावे शेजारच्या चरात घुसतील. दाबलेला तो खर्ज अ‍ॅम्प्लिफायर वाजवताना उचलून देतो. सेकंदाला पन्नास कंपनांच्या आसपासचा आवाज मधल्या पट्टीच्या मानाने सुमारे सातपट. आता घरात नको असलेले जे जे म्हणून हादरे असतात, मोटरीचे, पावलांचे, विजेच्या तारांचे, ते नेमके याच खालच्या पट्टीतले. गाण्याचा खर्ज उचलताना अ‍ॅम्प्लिफायर त्यांनाही खांद्यावर घेतो. तो बिचारा माणसे ओळखत नाही.

सांगलीत पहिली पकड आक्कानेच केली. ती गाणे शिकलेली आहे. सलग गुणगुण ऐकून ती उठली, दाजींच्या पेटीवरचे फडके काढले, भाता हलवला आणि दोन-तीन पट्ट्या दाबून म्हणाली, "हे पांढरी पाचच्या जवळ आहे बघ, पण किंचित चढं." भाचा हसला. मला मात्र तफावतीला नऊने भाग गेल्यासारखा आनंद झाला. आपल्याकडची वीज सेकंदाला ५० आवर्तनांची. तिची गुणगुण ५०, १०० अशा कंपनांची, आणि ती पांढरी पाचच्या एखाद्या केसाने वर बसते. अमेरिकेत वीज ६० आवर्तनांची, म्हणून तिकडची गुणगुण काळी पाच आणि पांढरी सात यांच्या बरोबर मधे पडते आणि कुठल्याच पट्टीत मावत नाही. म्हणजे आक्काच्या घरचा 'हूं' तबकडीतला नव्हता, मोटरीच्या घर्षणाचाही नव्हता. तो तारेतून आलेला होता. पुराच्या पाण्याने तबकडी पांढरी पाचमध्ये गात नाही.

मग पायरीपायरीने मागे जायचे. अ‍ॅम्प्लिफायरची कळ रेडिओकडे फिरवली, गुणगुण गेली. याचा अर्थ अ‍ॅम्प्लिफायर निर्दोष. कळ परत तबकडीकडे आणली आणि डेकच्या धातूच्या दांडीला बोट लावले, गुणगुण निम्मी झाली. माणसाच्या अंगाला हात लागून आवाज कमी होतो तेव्हा अर्थिंग कुठेतरी तुटलेले असते. डेकच्या पाठीमागून एक बारीक स्वतंत्र तार निघते, ती अ‍ॅम्प्लिफायरच्या पाठच्या स्क्रूला आवळायची असते. सामान वर नेण्याच्या धावपळीत ती निसटली होती आणि कुणीतरी नीटनेटकेपणाने तिची गुंडाळी करून चिकटपट्टी लावून ठेवली होती! तार आवळली. उरलेली थोडी गुणगुण होती, कारण प्लगची एक्स्टेन्शन बोर्डाची जाड वायर आणि कार्ट्रिजकडून येणारी बारीक वायर एकमेकींच्या गळ्यात गळे घालून पडल्या होत्या. त्या वेगळ्या केल्या. भिंतीतल्या सॉकेटचे तिसरे भोकही नुसते शोभेचे निघाले, पुरानंतर घाईत केलेल्या वायरिंगमध्ये अर्थची तार कुठेच पोचलेली नव्हती. ते काम वायरमनला बोलावून करून घेतले. इथे एक गोष्ट बजावून सांगतो. गुणगुण घालवण्यासाठी थ्री-पिनची जाड पिन काढून टाकण्याचा सल्ला काही हुशार मंडळी देतात. तो कदापि मानू नये. गुणगुण माणसाला मारत नाही.

गुणगुण गेली आणि तिच्याखाली दडलेली घरघर ऐकू आली. हीसुद्धा कुठून येते ते ओळखायला सोपी परीक्षा आहे. तबकडी फिरत असताना अ‍ॅम्प्लिफायर चालू ठेवून नुसत्या डेकचा प्लग बंद करायचा. थाळी काही क्षण आपल्या वेगाने फिरत राहते. घरघर त्याच क्षणी थांबली तर दोष मोटरीचा, थाळीबरोबर रेंगाळली तर मधल्या बेअरिंगचा. आक्काकडे घरघर थांबलीही नाही आणि रेंगाळलीही नाही. ती आवाज वाढवला की वाढे आणि कमी केला की नाहीशी होई. मी थाळी थांबवली, थांबलेल्या तबकडीवर सुई अलगद ठेवली, आवाज हळूहळू वाढवला (हे हळूहळूच करायचे, नाहीतर स्पीकरचा कागद फाटायचा) आणि डेकखालच्या लोखंडी ट्रंकेवर बोटाने टिचकी मारली. स्पीकरमधून 'धम्म' असा आवाज आला. "अगं बाई, हा तर ढोलच की!" आक्का म्हणाली.

ढोलच होता. आईच्या लग्नातली ती ट्रंक, आत अर्धवट भरलेल्या गोधड्या, वर मध्यभागी डेक आणि तिच्याच दोन टोकांना दोन स्पीकर. स्पीकर वाजले की ट्रंकेचा पत्रा हले, पत्र्याबरोबर सुई हले, सुईचे हलणे पुन्हा स्पीकरमधून येई आणि पत्रा आणखी हले. सभेत माइक लाउडस्पीकरसमोर आणला की जी किंकाळी फुटते तिची ही खालच्या पट्टीतली बहीण. स्पीकर दोन स्टुलांवर खाली उतरवले. डेक सागवानी टेबलावर नेला. त्याखाली जुन्या स्वयंपाकघरातली कडाप्पाची फरशी आणि फरशीखाली सायकलची ट्यूब, अगदी कमी हवा भरलेली. जड दगड आणि त्याखाली मऊ रबर, ही जोडी फार गुणी आहे. दगड हलायला आळशी, आणि जे थोडे हादरे येतात ते रबर गिळते. टेनिसचे चेंडू अर्धे कापून ठेवले तरी चालते. मात्र नंतर थाळी समपातळीत आहे की नाही ते पाहावे. गवंड्याची पाणपातळी नसेल तर डेक बंद असताना सपाट तळाच्या ग्लासात पाणी घेऊन अंदाज येतो.

भाचा एव्हाना टेबलाभोवती फिरून टिचक्या मारत होता. "म्हणजे मामा, पुरानं काही झालंच नव्हतं?" झाले होते, पण ते नंतर सांगतो.

साताऱ्यात माझे दुखणे निराळे. आमचे घर जुन्या वाड्यातले, वरची माडी तुळया आणि फळ्यांची. तिच्यावर डेक ठेवला की नातवंडे पळताना स्पीकरचे मोठे पडदे आत-बाहेर होताना डोळ्यांना दिसतात. आवाज येत नाही, कारण ही हालचाल कानाला ऐकू येण्याच्या खालची. पण गाण्याला मात्र कापरे भरते. दांडी आणि कार्ट्रिज यांचे मिळून स्वतःचे एक डोलणे असते, ते सेकंदाला ८ ते १२ वेळा असावे असा जाणकारांचा ठोकताळा. पावलांचे आणि वाकड्या तबकडीचे हेलकावे त्याच्या खाली राहतात, संगीत त्याच्या वर, आणि मधे ही एवढी मोकळी फट. लवचीक फळ्यांवर ट्यूब ठेवली तर डोलण्यात डोलणे मिसळते आणि सुई उड्या मारते. म्हणजे सांगलीचा उपाय साताऱ्यात अपाय. इथे उपयोगी पडली ती वाड्याची दीड हात जाडीची भिंत. तिला लोखंडी घोड्या ठोकून फळी बसवली आणि डेक तिच्यावर ठेवला. माडी नाचो, भिंत हलत नाही. नव्या फ्लॅटमधल्या चार इंची भिंतीवर मात्र हा प्रयोग करू नये. पलीकडे दार आपटले की इकडे सुई दचकते. तिथे खोलीचा कॉलमजवळचा कोपरा बरा. आणि तळमजल्याला शहाबादी फरशी असेल तर यातले काहीच करावे लागत नाही.

सातारा जिल्ह्यातल्या माझ्या वयाच्या माणसांना थरथरीबद्दल फार शिकवावे लागत नाही. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनानगरची जमीन हलली तेव्हा मी लहान होतो, पण फडताळातली भांडी वाजलेली अजून कानात आहेत. पुढे कधीतरी भूकंपमापकाची रचना वाचली आणि गंमत वाटली. त्यातही एक जड वजन शक्य तितके स्थिर राहते, जमीन हलते, आणि त्या दोघांतला फरक टिपला जातो. जुन्या यंत्रांत तर एक टोक काजळी धरलेल्या कागदावर रेघ ओढायचे. डेकमध्येही तेच. दांडी स्थिर राहावी, सुई हलावी. दांडी, फळी, माडी यांच्यापैकी कुणी हलले की यंत्र गाण्याऐवजी घराचीच नोंद करू लागते. कोयनेच्या परिसरात शास्त्रज्ञांनी खोल छिद्रांमध्ये उपकरणे उतरवली आहेत, त्याचे एक कारण हेच की पृष्ठभागावरची आपली गडबड त्यांना ऐकायची नसते.

माझ्याकडे वडिलांची दुसरी एक जुनी पेटी आहे, तीन वेगांची, ७८ च्या तबकड्यांसाठी. तिच्यात मोटर आणि थाळी यांच्यामधे एक रबरी चाक असते. पेटी वर्षानुवर्षे वेगाचा खटका तसाच ठेवून पडून राहिली की मोटरीचा दांडा त्या चाकात रुततो आणि खळगा पडतो. मग वाजवताना 'धप धप धप' चालू. बारीक पॉलिशपेपरने चाक सगळीकडून सारखे घासावे, मोटरीच्या बेअरिंगला शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब द्यावा, आणि रबराला तेलाचा स्पर्श होऊ देऊ नये. वापर झाल्यावर खटका मधल्या, मोकळ्या जागी ठेवावा. धपधप चाकाची की तबकडीची, ते घड्याळ सांगते. एलपी मिनिटाला सव्वातेहतीसच्या जरा वर फिरते, एक फेरा १.८ सेकंदांचा. दहा 'टक्' मोजावेत. अठरा सेकंद लागले तर तबकडीवर चरा आहे. ७८ च्या तबकडीला दहा 'टक्'ना पावणेआठ सेकंद लागतात. याहून भरभर येणारा आवाज यंत्राचा.

आता पुराकडे. एलपी प्लास्टिकच्या, पाण्याने त्यांचे काही बिघडत नाही. बिघडवतो तो गाळ. कृष्णेचा गाळ पिठासारखा बारीक, चरात जाऊन बसतो आणि वाळल्यावर सुईखाली करकरतो. भाच्याने कोरड्या फडक्याने पुसायचा घाट घातला होता, तो मी थांबवला, कारण वाळलेला गाळ फडक्याखाली पॉलिशपेपरच होतो. आधी तबकडी स्वच्छ पाण्याने नुसती धुवायची आणि गाळ भिजू द्यायचा. मग डिस्टिल्ड वॉटरमध्ये भांडी घासायच्या लिक्विडचे दोन-चार थेंब, मऊ ब्रश, चराच्या दिशेने गोल हात. शेवटी पुन्हा डिस्टिल्ड वॉटर, म्हणजे क्षार राहत नाहीत. मधल्या कागदाला पाणी लागू द्यायचे नाही. दोन दिवस आम्ही तिघे हेच करत होतो. आक्का पदर खोचून बसली होती. दोनेकशेतल्या तीस-पस्तीस कायमच्या खरवडल्या गेल्या होत्या. बाकीच्या गायल्या.

७८ च्या तबकड्यांना मात्र एक पथ्य आहे. स्पिरिट वर्ज्य. या तबकड्या लाखेच्या. लाख, दगडाची भुकटी आणि काजळी यांच्या मिश्रणाच्या. सुताराला विचारा, तो चपडा लाख स्पिरिटमध्येच विरघळवून पॉलिश करतो. त्या स्पिरिटने तबकडी पुसली तर गाणेच पुसले जाईल. बँकेत ड्युप्लिकेट किल्ल्यांची पाकिटे मी लाखेने सीलबंद करत असे, तेव्हा कधी मनात आले नव्हते की मिरजेत राहिलेल्या आणि १९३७ मध्ये निवर्तलेल्या अब्दुल करीम खाँसाहेबांचा आवाजही याच किड्याच्या कृपेने आपल्यापर्यंत पोचला. त्यातली दगडाची भुकटी हे त्या तबकड्यांच्या सळसळीचे मूळ कारण. स्टीलची सुई चराच्या आकाराला झिजावी म्हणून ती खरखर हवीच असे. सुई दर बाजूला बदलत. ही सळसळ जात नाही. ती निम्मी मात्र होते, योग्य सुई लावली की. ७८ चा चर एलपीच्या चराच्या जवळजवळ तिप्पट रुंद. एलपीची सुई त्यात टाकली तर ती तळाशी साचलेल्या कचऱ्यावरून घसरत जाते. जुन्या पेटीत सुई उलटवायची छोटी दांडी असते, एका अंगाला ७८, दुसऱ्या अंगाला एलपी. ती पाहिल्याशिवाय तबकडीला नावे ठेवू नयेत.

सगळीच सळसळ, सगळीच झणझण शत्रू नसते, हे मिरजेच्या शेजाऱ्यांना सांगायला नको. तिथल्या सतारमेकर गल्लीत तंबोऱ्याची जवारी लावणारा कारागीर घोडीचा माथा कानस फिरवून, पुन्हा तार छेडून, पुन्हा फिरवून, तासन् तास बसतो. तो काय करत असतो? तारेला घोडीवर जेमतेम टेकवून त्यातून झणकार काढत असतो. तारेखाली सुताचा दोरा सरकवायचा तोही त्यासाठीच. निव्वळ यंत्राच्या हिशेबाने पाहिले तर हा आगंतुक आवाजच. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले, ते या आगंतुकालाही मिळाले असे मी समजतो.

हे आठवायला कारण घडले. तबकड्या स्वच्छ झाल्यावर भाच्याला उत्साह आला. त्याने त्या कॉम्प्युटरवर उतरवायला घेतल्या आणि उरलीसुरली सळसळ काढून टाकणारे सॉफ्टवेअर बसवले. त्याची रीत अशी, गाणे सुरू होण्याआधीचे दोन-चार सेकंद त्याला नमुना म्हणून द्यायचे. त्यात जे सलग ऐकू येते ते सगळे तो पुढच्या वीस मिनिटांतून वजा करतो. भीमसेनजींची एक एलपी त्याने अशी साफ केली आणि आम्हाला ऐकवली. खरोखर, पाण्यासारखा स्वच्छ आवाज. भाच्याचा चेहरा फुललेला.

आक्काने अर्धा मिनिट ऐकले. "अरे, आणि तंबोरा कुठे गेला?"

आम्ही मूळ तबकडी लावली. पहिल्या दोन-चार सेकंदांत, सळसळीच्या मागे, तंबोरा सुरू झालेला होता. हलका, पण होता. सलग, न बदलणारा. यंत्राने त्यालाच घरघर समजून मुळापासून काढले होते. भाच्याने ती फाइल पुसली आणि सगळे पुन्हा उतरवले. नमुना घेतला तो तबकडीच्या शेवटच्या मोकळ्या चराचा, आणि वजाबाकी केली निम्म्याहून कमी. थोडी सळसळ राहिली आहे. आता त्याचा पुढचा डबा चालू आहे, नाट्यसंगीताचा. मिरजेच्या एका ओळखीच्या घरून ७८ ची रुंद सुई मिळते का, त्याची चौकशी त्याने मला करायला सांगितली आहे.